पुष्कळ, पण इथेच

मालवणच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या लहान मुलाला प्राण्यांची पहिली ओळख समुद्र करून देतो. रापणीत तडफडणारी मासळी, वाळूवर तिरक्या पळणाऱ्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणि थंडीच्या दिवसांत अंडी घालायला किनाऱ्यावर येणारी कासवे त्याच्या परिचयाची असतात. त्यामुळे जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे वावरतो तो उभयचर, ही पुस्तकातली व्याख्या कानावर पडताच ते कुर्ली आणि कासव ही दोन नावे बिनदिक्कत सांगून मोकळे होते. यात दोष मुलाचा नाही, व्याख्येचा आहे. उभयचराची खरी खूण त्याच्या वावरात नसून कातडीत आणि अंड्यात आहे: कातडी अशी, की तिच्यावर ना खवले ना केस, आणि तिच्यातून पाणी व प्राणवायू सरळ शरीरात शिरतात, अंडे असे, की त्याला कवच नसल्यामुळे ओल सरली की ते सुकून जाते. अशी कातडी आणि असे अंडे घेऊन खाऱ्या पाण्यात राहणे जगातील बहुतेक सगळ्याच उभयचरांना अशक्य असते. भातशेतीत आणि विहिरीच्या काठावर साधा बेडूक किनाऱ्यालाही भेटतो. परंतु सिंधुदुर्गाच्या ज्या उभयचराचे नाव जगभरातील अभ्यासक जाणतात, त्याच्या भेटीसाठी मालवणच्या मुलाला समुद्राकडे पाठ करून, सावंतवाडी ओलांडून, आंबोलीचा घाट चढावा लागतो.

हा प्राणी म्हणजे आंबोलीचा भेक. आखूड पायांचा, खरबरीत अंगाचा आणि लांब उड्या मारण्यापेक्षा सरपटत-टुणटुणत चालणे पसंत करणारा जो बेडकाचा चुलतभाऊ, त्याला शास्त्रीय मराठीत भेक म्हणतात. आंबोलीचा भेक जेमतेम तीन-चार सेंटिमीटरांचा असून त्याच्या कुशीवर वाघासारखे पट्टे असतात, आणि त्या पट्ट्यांवरूनच एस. डी. बिजू, वरद गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याला ‘झँथोफ्रायनी टायगरिना’ हे नाव दिले. या प्रजातीत त्याच्याशिवाय एकच जात आहे, ती म्हणजे १९६३ मध्ये सोमण यांनी वर्णिलेला कोयनेचा भेक. सारी प्रजाती दोन जातींची आणि दोन्ही महाराष्ट्रातील. भेकाला हात लावला की चामखीळ येते, अशी समजूत मुलांमध्ये आणि मोठ्यांमध्येही सर्रास आढळते, पण चामखीळ विषाणूमुळे होते, भेकाच्या पाठीवरील पुटकुळ्यांमुळे नव्हे. तरीही त्याला हात न लावणेच बरे, कारण त्याच्या डोळ्यांमागील ग्रंथींचा स्राव माणसाच्या डोळ्यांत गेला तर झोंबतो, आणि माणसाच्या हातावरील मीठ, साबण व डास पळवणारे मलम त्याच्या कातडीतून थेट आत जाते. म्हणजे धोका उभयपक्षी आहे.

मालवणच्या मुलाला घाटावर गेल्यावरही एक गोष्ट ओळखीची सापडते, ती म्हणजे पायाखालचा दगड. ज्या जांभ्याचे चिरे त्याच्या घराच्या भिंतीत असतात आणि ज्याच्या सपाट सड्यावर मालवण तालुक्यातील कुडोपीला कातळशिल्पे कोरलेली आहेत, तोच जांभा आंबोलीच्या माथ्यावर पसरलेला आहे. उन्हाळाभर हा सडा तापून काळा पडतो, आणि भेक दगडांखाली व फटींमध्ये दडून राहतो. मग मिरग लागतो. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या माथ्यावर पहिल्या सरी कोसळतात, सड्याच्या खळग्यांत बोटभरही खोल नसलेली डबकी साचतात, आणि थोडक्या दिवसांतच नरांचे आवाज, जोड्या, अंडी असा सारा संसार त्या उथळ पाण्यात उरकला जातो. पाऊस चार दिवस थांबला तर डबके आटते आणि त्यातील पिढी संपते. अंड्यातून भैरा, म्हणजे शेपटीचे पिल्लू, आणि भैऱ्यातून चार पायांचा भेक होण्याला रूपांतरण म्हणतात. ते पुस्तकाच्या पानावर बाणांनी जोडलेल्या चित्रांत दाखवले जाते, पण इथे ते पाणी आटण्याशी शर्यत लावून घडते, आणि ही शर्यत पाच वर्षांच्या मुलालाही समजावून सांगावी लागत नाही. डबक्याकाठी उकिडवे बसून तासभर पाहत राहण्याची हौस मुलांना उपजतच असते. डबक्यात उडी मारण्याची हौसही तितकीच उपजत असल्याने डबक्यात उतरायचे नाही, एवढा एकच नियम आधी सांगावा लागतो.

मुलाला समजावून सांगण्यातली खरी अडचण पुढे आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने हा भेक अतिसंकटग्रस्त ठरवला आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावरच्या वर्गात त्याला घातले आहे. आणि जून महिन्यात सड्यावर उभे राहिलेले मूल पाहते ते असे, की दगडादगडाआड भेकच भेक आहेत. दुर्मिळ म्हणजे संख्येने थोडे, हे वाघाच्या बाबतीत शिकवलेले गणित इथे लागू पडत नाही. हा प्राणी त्याच्या जागी पुष्कळ आहे, फक्त त्याची जागा फार थोडी आहे: आंबोली परिसरातील मोजके सडे, आणि बाकी पृथ्वी त्याच्या लेखी नाहीच. असा अगदी मर्यादित क्षेत्रापुरता असणारा जीव प्रदेशनिष्ठ म्हटला जातो. ही कल्पना मुलाला देताना ‘हा बिचारा संपत चालला आहे’ असा रडवेला सूर लावण्याची अनेक शिक्षकांची रीत उपयोगाची नाही, कारण मूल स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवते आणि तो सूर त्याला खोटा वाटतो. त्यापेक्षा जिल्ह्याच्या नकाशावर आंबोलीपाशी पेन्सिलीचे टोक टेकवून उमटलेला ठिपका दाखवावा आणि या ठिपक्यावर एक हॉटेल, एक खाण किंवा वाहनतळ झाला तर काय होईल, एवढेच विचारावे. मुले उत्तर चटकन देतात, आणि ते बहुधा बरोबर असते.

याच परिसरातून २००३ मध्ये एका देवगांडुळाची, म्हणजे पाय नसलेल्या, जमिनीखाली राहणाऱ्या उभयचराची, नवी जात नोंदवली गेली आहे. सापाचे पिल्लू समजून देवगांडूळ हकनाक मारले जाते. ती ओळख पुढच्या वर्षावर टाकलेली बरी, एका दिवसात एक प्राणी पुरे.

भेकाच्या भेटीची सहल मात्र शनिवारी किंवा रविवारी काढू नये. त्या दोन दिवशी धबधब्याच्या ओढीने घाटरस्त्यावर गाड्यांची रीघ लागते, आणि पावसाळी रात्री रस्ता ओलांडणारे भेक चाकांखाली सापडतात. लहानांना अंडी आणि भैरे दिवसाउजेडीही दिसत असल्यामुळे रात्र होईपर्यंत थांबण्याची गरज नसते. सहलीची गाडी अंधार पडण्याआधी घाट उतरलेली असावी, हा नियम शाळा मुलांच्या सुरक्षिततेसाठी पाळतातच. जून महिन्यात आंबोलीला तो भेकांच्याही कामी येतो.