आडवे आलेले कुत्रे

मोठा अपघात झालेल्या माणसाला सहानुभूती मिळते. लहान अपघात झालेल्याला सल्ले मिळतात. माझा अपघात इतका लहान होता, की त्यानंतरच्या आठवड्यात मला एवढे सल्ले मिळाले, तेवढे माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा मिळाले नव्हते.

घडले ते असे. सकाळी साडेआठची वेळ. मी मुलीला शाळेत सोडायला निघालो होतो. तिच्या शाळेत वक्तृत्वस्पर्धा होती, विषय होता ‘पाण्याचे महत्त्व’, आणि मागच्या सीटवर बसून ती भाषणाची उजळणी करीत होती. वडील मराठीचे प्राध्यापक असले म्हणजे मुलांच्या नशिबी काही भोग येतात. त्यांतला एक म्हणजे ‘न’ आणि ‘ण’. आमची कन्या भाषणाच्या भरात आली की ‘पाणी’चे ‘पानी’ करते. नळ स्टॉपच्या सिग्नलपाशी गाड्या हळूहळू सरकत होत्या. मागून आवाज आला, “पानी म्हणजे जीवन!” माझ्यातला मास्तर खवळला. मी मान वळवून म्हटले, “पानी नव्हे, पाणी!” आणि त्याच क्षणी समोरच्या रिक्षाला माझी गाडी धडकली.

वेग फारसा नव्हता. कोणाला खरचटलेदेखील नाही. रिक्षाचा मागचा पत्रा चेपला आणि लाल दिवा फुटला. माझ्या गाडीचा बंपर तडकला, बॉनेट उचकटले आणि डाव्या बाजूच्या हेडलाइटचे तुकडे रस्त्यावर पडले. रिक्षावाला उतरला. वयाने माझ्याएवढाच असेल. आता चार वाक्ये ऐकायची या तयारीने मी काच खाली केली. “साहेब, लक्ष कुठं होतं?” एवढेच तो म्हणाला. मग त्याची नजर मागच्या सीटकडे गेली. मुलगी पांढरीफटक पडली होती. तो म्हणाला, “पोर घाबरलीय. आधी तिला पानी द्या.”

त्या वेळी त्याचा उच्चार सुधारण्याची बुद्धी मला झाली नाही, हे माझे भाग्य.

मी त्याचा फोननंबर घेतला, “विम्यातून सगळं करून देऊ” असे भरघोस आश्वासन दिले, आणि मुलीला शाळेत सोडून घरी फोन लावला. “अहो, पण झालं कसं?” हा पत्नीचा पहिलाच प्रश्न. आणि माझ्या तोंडून, कोठून कोण जाणे, निघून गेले : “कुत्रं आडवं आलं.”

हे कुत्रे मी कोणत्याही पूर्वतयारीवाचून जन्माला घातले. पण एकदा जन्मलेले कुत्रे पोसावे लागते. दुपारी कॉलेजात सहकाऱ्यांना सांगताना ते उजवीकडून आले. संध्याकाळी जिन्यात शेजाऱ्यांना सांगताना ते लंगडत होते. म्हणजे मी ब्रेक दाबला तो भूतदयेपोटी, असे आपोआप सिद्ध झाले. रात्री जेवताना पत्नीने सहज विचारले, “कसलं होतं हो कुत्रं?” मी घास चावत राहिलो. तेवढ्यात मुलगी शांतपणे म्हणाली, “तपकिरी होतं.” आणि माझ्याकडे पाहून तिने पुढची पोळी घेतली.

तो घास माझ्या घशात अडकायला हवा होता. तसे झाले नाही. उलट मला क्षणभर हायसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी विम्याचे शिक्षण सुरू झाले. आपण दरवर्षी हप्ता भरतो, पॉलिसीची छापील पाने कपाटात ठेवतो, आणि ती वाचायची वेळ गाडी ठोकल्यावरच येते. माझ्या एजंटाने फोनवर तीन गोष्टी बजावल्या. पाहणी होईपर्यंत दुरुस्तीला हात लावू द्यायचा नाही. परवाना, गाडीचे नोंदणीपुस्तक आणि पॉलिसी घेऊन गॅरेजात जायचे. आणि रिक्षावाल्याला आपण होऊन काही कबूल करायचे नाही, पैसेही द्यायचे नाहीत. कंपनीच्या लेखी संमतीवाचून तसे करू नये, असे पॉलिसीतच कलम आहे.

“पण त्याचं नुकसान माझ्या विम्यातूनच भरून मिळेल ना?” मी विचारले.

“मिळेल ना. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचाच आहे. खाजगी गाडीनं दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं, तर साडेसात लाखांपर्यंत कंपनी जबाबदार. फक्त त्यानं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायला पाहिजे.”

एका फुटक्या दिव्यासाठी आणि चेपलेल्या पत्र्यासाठी वकील, अर्ज आणि तारखा! मी विचार करू लागलो. चूक माझी, पण माझ्या गाडीसाठी मला गॅरेजात खुर्ची, चहा आणि रोख न मोजता दुरुस्तीची सोय. ज्याची काहीच चूक नाही, त्याला न्यायाधिकरणाचा दरवाजा. कायद्याने त्याचा हक्क मान्य केला आहे, यात शंका नाही. पण तो हक्क वसूल करायला त्याला जितके दिवस रिक्षा बंद ठेवावी लागेल, त्यात असे चार दिवे येतील.

गॅरेजातल्या तरुणाने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. मागच्या दारावर आमच्या सोसायटीच्या खांबाने दोन वर्षांपूर्वी काढलेला ओरखडा होता. तो पाहून तो आपुलकीने म्हणाला, “सर, हेही ओघात बसवून टाकू.” मी हो म्हटले नाही. नाही म्हटले, असेही नाही. अशा वेळी सुशिक्षित माणूस गॅरेजाच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहतो. तसे मी पाहिले.

मग दाव्याचा अर्ज आला. त्यात एक चौकोन होता : ‘अपघात कसा घडला, थोडक्यात लिहा.’ अर्ज इंग्रजी; पण काहीही लिहायचे म्हटले की मी आधी मनात मराठी मसुदा करतो. वीस वर्षे विद्यार्थ्यांना प्रयोग शिकवले, पण त्यांचा खरा उपयोग मला त्या चौकोनापुढे कळला. ‘मी रिक्षाला धडक दिली’ हे वाक्य पाहा. कर्ता मी, पण हा कर्मणी प्रयोग. क्रियापद चालते ते धडकेच्या तंत्राने, कर्त्याला कोणी विचारीत नाही. ‘गाडी रिक्षाला धडकली’ असे म्हटले, की प्रयोग कर्तरी होतो खरा, पण कर्ता होते गाडी! आणि ‘कुत्रे आडवे आले’ यात तर मी नाही, गाडी नाही. सगळा कारभार कुत्र्याकडे. आमच्या भाषेने अपराधी माणसाची केवढी सोय करून ठेवली आहे! मी तिसरे वाक्य पसंत केले आणि अर्ज भरून टाकला.

शनिवारी पाहणी होती. मुलीला सुट्टी, म्हणून ती बरोबर आली. सर्व्हेअर म्हणजे साठीला टेकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणलेले गृहस्थ. त्यांनी आधी चासीचा नंबर ताडून पाहिला, फोटो काढले, फुटलेल्या हेडलाइटचे तुकडे मागून घेऊन पाहिले. मग ते मागच्या दारापाशी आले. ओरखड्यावर बोट फिरवले. बोटाला गंज लागला.

“सर,” ते म्हणाले, “समोरची धडक मागच्या दाराला कशी लागली?”

गॅरेजातला तरुण अचानक दुसऱ्या गाडीकडे गेला. मला कॅलेंडर शोधूनही सापडेना.

“बरं, ते सोडा. अपघात कसा झाला?” त्यांनी विचारले. मी खिशातून अर्ज काढत होतो, तोच शेजारून उत्तर आले, “कुत्रं आडवं आलं. तपकिरी.” ते तिने अगदी स्वच्छ, न अडखळता सांगितले. वक्तृत्वस्पर्धेत तिला ज्या आत्मविश्वासाने बोलता यावे म्हणून मी महिनाभर झटत होतो, त्या आत्मविश्वासाने.

मी तिच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर अपराधाची खूण नव्हती. होती ती मदत केल्याची. बापाच्या उपयोगी पडल्याचे साधे समाधान तिच्या डोळ्यांत होते. ‘ण’ शिकवायला मला सहा वर्षे लागत होती. हे मात्र तिने एका जेवणात शिकून घेतले होते.

“कुत्रं नव्हतं,” मी म्हणालो. “मी मागं वळून हिचा उच्चार सुधारत होतो.”

सर्व्हेअरांनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिले. रागावले नाहीत, थोडेसे हसले. म्हणाले, “मग तसंच लिहा की! परवाना चालू आहे, दारू प्यायला नव्हता, गाडी भाड्यानं चालवत नव्हता. ही गाडीची पॉलिसी आहे सर, चारित्र्याची नाही. चूक झाली म्हणून दावा नाकारायचा, तर माणसानं विमा कशाला उतरवायचा? दावा अडतो तो खोट्यामुळं. आणि खरं सांगू? मी आजवर एवढे अर्ज पाहिलेत, की या शहरात इतकी कुत्री असतील असं मला वाटत नाही.”

म्हणजे ज्या पैशांसाठी मी खोटे बोलत होतो असे मला वाटत होते, त्या पैशांचा त्या खोट्याशी काही संबंधच नव्हता. मी वाचवत होतो ती माझी ऐट. ‘दुसऱ्याची जीभ सरळ करताना स्वतःचा हात वाकडा गेला’ एवढे लिहायला मी लाजत होतो. मी नवा अर्ज मागितला आणि खरे ते तीन ओळींत लिहिले. खोट्याला सात ओळी लागल्या होत्या. मागचे दार यादीतून वगळले.

हिशेब वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. दुरुस्तीचा अंदाज झाला 32,000 रुपये : बॉनेट 9,000, बंपर 6,000, हेडलाइट 5,000, रंगकाम 8,000, मजुरी 4,000. माझी गाडी साडेपाच वर्षांची. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40 टक्के घसारा कापतात. प्लॅस्टिक-रबराच्या भागांवर गाडी नवी असो की जुनी, 50 टक्के. रंगकामाच्या एकत्रित बिलात चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. मजुरी पूर्ण मिळते. अशी बेरीज 21,900 झाली. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला लागू असलेली सक्तीची 1,000 रुपयांची वजावट गेली. कंपनीचे 20,900, माझे 11,100. घसारा माफ करणारे जोडकलम जादा हप्ता भरून घेता येते. ते मी ‘कशाला उगाच’ म्हणून घेतले नव्हते.

पण खरी गंमत पुढे आहे. पाच वर्षे दावा केला नाही म्हणून माझ्या स्वतःच्या गाडीपुरत्या हप्त्यावर 50 टक्के बोनस होता. 8,000 ऐवजी 4,000 भरत होतो. दावा केला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढत पन्नासावर जातो. हप्ता तेवढाच राहील असे धरले, तर या चढणीत माझे 10,000 रुपये जादा जाणार. म्हणजे 20,900 पैकी पदरात पडणार ते 10,900. नुकसान पाच-सात हजारांचे असेल, तर दावा न करणेच शहाणपणाचे, हे त्या शनिवारी मला गॅरेजातल्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर कळले.

राहिला रिक्षावाला. मी कंपनीच्या कचेरीत जाऊन सरळ विचारले. तिथले अधिकारी म्हणाले, “ते पैसे आमच्याकडे मागणार नसाल, तर द्या. तसं लिहून द्या म्हणजे झालं.” मी लिहून दिले. मग मुलीला घेऊनच त्याच्या रिक्षाथांब्यावर गेलो. दिवा आणि पत्राकाम मिळून त्याला 3,200 रुपये लागले होते. त्याने बिल दाखवले. रिक्षा दोन दिवस उभी होती. त्या दोन दिवसांचे त्याने मागितले नाहीत. ते मी विचारून दिले. त्याने पैसे मोजले, वरच्या खिशात ठेवले आणि मुलीला विचारले, “काय गं, भाषण कसं झालं?”

“स्पर्धा पुढं गेली. अजून व्हायचीय,” ती म्हणाली. मग माझ्याकडे एकदा पाहून तिने त्याला सांगितले, “बाबांनी मागं बघितलं म्हणून ठोकर बसली.”

“ते मला म्हाईत हाय,” तो म्हणाला. “आरशात दिसत होतं.”

घरी येऊन पत्नीला सगळे सांगितले. तिला मुळीच आश्चर्य वाटले नाही. “मला पहिल्या दिवशीच कळलं होतं,” ती म्हणाली. “सकाळी साडेआठला नळ स्टॉपला माणसाला रस्ता ओलांडता येत नाही, कुत्रं कुठून येणार? आणि लेकीला आम्ही काही विचारलं नव्हतं, तरी तिनं रंग सांगितला.” मग थोडे थांबून म्हणाली, “ती बोलली ना, तेव्हा तुम्ही काहीतरी म्हणाल असं वाटलं होतं.”

नवव्या दिवशी गाडी आली. पुढून नवी कोरी, मागच्या दारावर जुना ओरखडा तसाच. दुसऱ्या दिवशी स्पर्धा. सकाळी साडेआठला तोच रस्ता, तोच सिग्नल. मागच्या सीटवरून खणखणीत आवाज आला, “पानी म्हणजे जीवन!”

ती चुकली होती, की मला आजमावत होती, हे मला अजून कळलेले नाही. मी समोर पाहत राहिलो.