जबड्याची मोजणी

भूमी अभिलेख खात्यात माझी नोकरी झाली. तुळजापूर, लोहारा, उमरगा तालुक्यांतली शेतं साखळीनं मोजली, निवृत्तीच्या तोंडावर उपग्रहाच्या मदतीनं मोजणारा रोव्हरही हाताळला. त्यामुळे दातांचे डॉक्टर म्हणाले, "काका, इम्प्लांटच्या आधी हाडाची मोजणी करून घेऊ," तेव्हा मी कान टवकारले.

खालची डावी दाढ काढून बरीच वर्षं झाली होती. ओपीजीवर, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या सपाट एक्स-रेवर, त्या जागी हाडाच्या वरच्या कडेपासून नसेच्या नळीपर्यंत 15.4 मिलिमीटर भरत होते. "भरपूर हाड आहे की," मी म्हणालो. डॉक्टरांनी मान हलवली. "ओपीजीत सगळं वाढून दिसतं, वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंतसुद्धा. शिवाय सगळीकडे सारखं वाढत नाही, म्हणून सरसकट वजावटही करता येत नाही." त्यांनी सीबीसीटीची, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनची, चिठ्ठी लिहून दिली.

तुळजापूरहून एसटीनं सोलापूर गाठलं. हनुवटी टेकवली, पुढच्या दातांत खुंटी धरली. "हलू नका, गिळू नका," म्हणेपर्यंत यंत्र डोक्याभोवती फिरून थांबलंही. हे तंत्र फार जुनं नाही. इटलीतल्या संशोधकांनी दातांसाठीच्या अशा यंत्राची माहिती 1998 साली प्रसिद्ध केली.

स्कॅन घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. चित्र 0.2 मिलिमीटरच्या घनांचं बनलेलं होतं. "म्हणजे मोजमाप तेवढं अचूक?" मी विचारलं. डॉक्टरांनी पडद्यावर रेघ ओढली. आकडा आला 12.43. पुन्हा ओढली, 12.1. माझ्या शेजारच्या दाढेवर धातूची कॅप आहे. तिच्यामुळे चित्रात पांढरे-काळे पट्टे उठले होते, नळीची कड पुसट झाली होती. रुग्ण किंचित हलला तरी कड अशीच फरकटते. घन कितीही बारीक असले, तरी रेघ कुठं सुरू करायची आणि कुठं थांबवायची हे माणूसच ठरवतो.

मग त्यांनी तीच रेघ मुद्दाम तिरकी केली, तसा आकडा वाढला. हे मला शिकवायला नको होतं. बालाघाटाच्या उतारावरच्या रानात साखळी आडवी ताणली नाही, जमिनीलगत टाकली, तर अंतर जास्तच भरतं. जबड्याचा छेदही हाडाला काटकोनात घ्यावा लागतो.

डॉक्टरांनी आधीच्या दोन आकड्यांपैकी कमी आकडा धरला. नसेच्या वर निदान 2 मिलिमीटर मोकळे सोडायचे, म्हणून 10 मिलिमीटरचा इम्प्लांट ठरला. ओपीजीच्या भरवशावर 13 चा बसवला असता, तर तो थेट नळीत उतरला असता. ती नस दुखावली की खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी कधी कायमची.

आता ओळखीचं कुणी इम्प्लांटचं बोललं की मी सांगतो: तोंडात कॅप असेल तर आधीच सांगा, यंत्रात हलू नका, आणि नसेपासून किती जागा सोडली हे डॉक्टरांना विचारा. पडद्यावरच्या दशांशांवर भुलू नका. थोडं चुकेल हे धरूनच मोजणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.