काळी खिडकी

पुष्कळ घरांत सतत कुरकुरणारे एखादे वडीलधारे माणूस असते. त्याची कुरकुर सर्वांना नकोशी होते. पण दूध उतू चालले, मागचे दार उघडे राहिले, कौलांतून पाणी गळू लागले, ही वार्ता प्रथम त्याच्याच तोंडून कळते. पायथनच्या प्रोग्रामाबरोबर संगणकावर उघडणारी काळी खिडकी मला अशीच एखाद्या आजीसारखी वाटते. प्रोग्राम कोठवर आला, कोणत्या ओळीवर अडखळला, हे ती पांढऱ्या अक्षरांत पुटपुटत असते. आणि प्रोग्राम परक्याच्या हाती देण्याची वेळ आली की प्रथम तिचीच हकालपट्टी होते!

आमच्या भंडारा जिल्ह्यात तुमसरकडे धानाच्या गिरण्या पुष्कळ. त्यांपैकी एकीसाठी माझ्या भाच्याने वजन-पावत्यांचा लहानसा प्रोग्राम लिहिला. तेथील दिवाणजींना ती खिडकी निरर्थक वाटे. एके दिवशी त्यांनी ती सहज बंद केली, आणि तिच्याबरोबर प्रोग्रामही मिटला. कारण अशा प्रोग्रामाचा प्राण त्या खिडकीशी बांधलेला असतो. तेव्हा पायइन्स्टॉलर या साधनाने प्रोग्रामाची एकच फाइल बांधताना भाच्याने 'कन्सोल नको' हा पर्याय निवडला. पडदा स्वच्छ झाला. पण 'पावती काढा' हे बटण दाबले की काहीच होईना. बाहेर धानाचे ट्रॅक्टर उभे, शेतकरी पावतीसाठी खोळंबलेले, आणि आत नितांत शांतता! "घरी तर उत्तम चालतो, मामा," एवढेच भाचा म्हणत राहिला.

घरी तो चालत होता, कारण घरी ती खिडकी उघडी होती. विंडोजवर खिडकीविना बांधलेल्या प्रोग्रामात मजकूर बाहेर जाण्याची वाटच नसते. तिच्या जागी पायथनचे 'नन', म्हणजे 'काहीच नाही', उरते. पूर्वी पायइन्स्टॉलर तेथे सर्व ऐकून सर्व विसरणारा एक बनावट श्रोता बसवीत असे. २०२२ मधील ५.७ या आवृत्तीपासून त्याने ती सोय काढून टाकली. गंमत अशी, की साधी 'प्रिंट'ची आज्ञा अशा वेळी मुकाट्याने परत फिरते; परंतु त्या वाटेवर थेट 'राइट' करू पाहणारी ओळ कोसळते. काम किती झाले हे दाखविणारी एक पट्टी भाच्याने हौसेने घातली होती, ती नेमकी असेच करीत होती. बरे, कोसळल्याची तक्रार जावयाची तीही त्याच वाटेने! तोंड नाहीसे झाले, हे सांगावयास तोंड कोठून आणावयाचे?

उपाय साधा निघाला. प्रोग्राम पुन्हा खिडकीसह बांधला आणि दुहेरी टिचकीने न उघडता कमांड प्रॉम्प्टमधून चालविला, म्हणजे तो कोसळला तरी अक्षरे पडद्यावर राहतात. मग सुरुवातीलाच, इतर सामग्री आत घेण्यापूर्वी, अशी व्यवस्था केली की वाट 'नन' असेल तर एक नोंदवही उघडावी आणि सारा मजकूर तीत जावा. ही वहीही कोठेही ठेवून चालत नाही. एका फाइलीत बांधलेला प्रोग्राम दर वेळी एका तात्पुरत्या फोल्डरात उलगडतो आणि काम संपताच ते फोल्डर पुसून टाकतो. वही तेथे ठेवली तर तीही जावयाची. म्हणून ती वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवली. शिवाय ती यूटीएफ-८ लिपिसंकेतात उघडली; नाही तर शेतकऱ्याचे देवनागरी नाव लिहिताना वहीच प्रोग्रामाला पाडावयाची! एवढे झाल्यावर मगच खिडकी दुसऱ्यांदा काढली.

दोन्ही वेळा खिडकी गेलीच. पण पहिल्या वेळी तिच्याबरोबर वाचाही गेली, दुसऱ्या वेळी ती आधी वहीत नेऊन ठेवली होती. आपल्याला निमूट सेवक फार आवडतात. कुरकूर न करणारी सून, तक्रार न करणारा कारकून, प्रश्न न विचारणारा विद्यार्थी यांची आपण तोंड भरून स्तुती करतो. त्यांची शांतता ही समाधानाची की वाट बुजल्याची, हे पाहण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतो. दिवाणखान्यात कुरकूर नको, हे मान्य. पण ती बंद करण्यापूर्वी घरात कोठे तरी एक वही उघडी ठेवावी, आणि मधूनमधून ती वाचावी.