समुद्राकडे पाठ फिरवलेली नदी

सायबेरियातील लीना नदीविषयी आम्ही सेमिनरीत असताना भूगोलाच्या एका जुन्या पुस्तकात वाचले होते. वसंत ऋतूत तिचे दक्षिणेकडील पात्र आधी वितळते. उत्तरेस मुखाकडे मात्र बर्फ तसाच असतो. वाट अडलेले पाणी मग तीरांवर चढते. २००१ साली लेन्स्क नगर असेच बुडाले. तरीही चार हजारांहून अधिक किलोमीटर वाहणाऱ्या त्या नदीच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही.

आमच्या पुण्याच्या नद्यांना बर्फाची बाधा नाही. त्यांना अडविले माणसाने. सह्याद्रीच्या माथ्यापासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरांच्या आत आहे. परंतु दख्खनचे पठार पूर्वेकडे कललेले, म्हणून भीमा समुद्राकडे पाठ करून निघते. ८६१ किलोमीटर चालून ती रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि तिच्यासह बंगालच्या उपसागरास जाते. मुळा आणि मुठा या तिच्याच लेकी.

मुळेचे दैव विलक्षण. निसर्गाने तिला पूर्वेचा उतार दिला. टाटा कंपनीने मुळशीला बांध घालून तिचे पाणी बोगद्याने पश्चिमेस वळविले. सेनापती बापटांच्या सत्याग्रहाला न जुमानता धरण झाले, आणि १९२७ पासून ते पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज निर्माण करून कुंडलिकेवाटे अरबी समुद्रास मिळते. बुडालेल्या गावांना त्या विजेचा काय लाभ झाला, हे विचारणारे तेव्हाही थोडेच होते!

मुठेवर खडकवासल्याचे धरण १८७९ चे. पुढे वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव आणि टेमघर झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याची आठवण जुन्या पुणेकरांना अद्याप आहे. शहर याच पाण्यावर जगते. बाप्तिस्म्यासाठी आम्ही ज्या पाण्यावर आशीर्वाद मागतो, तेही तेथूनच नळाने येते.

मग उन्हाळ्यात लकडी पुलाखालून वाहते ते काय? ते डोंगरातले पाणी नव्हे. बहुतांशी आपल्या मोऱ्यांचे आहे. संगमावर मुळेला भेटून, बंडगार्डन ओलांडून ते रांजणगाव सांडसपाशी भीमेत उतरते आणि उजनीच्या जलाशयात साठते. खाली पंढरपुरात हीच भीमा चंद्रभागा होते आणि वारकरी तिच्यात श्रद्धेने स्नान करतात. उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. सोलापूर आपल्याच पुणे धर्मप्रांतात येते. तेथील कुटुंबांत आम्ही गेलो, की बसायला सांगण्याआधी पाण्याचा तांब्या पुढे येतो.