नान्नजच्या माळावरून

१४ जून
पहाटेच्या एस.टी.नं सोलापूरहून नान्नज. वळिवाच्या दोन सरींनी माळ ओळखू येईना. पवन्याला कोंब फुटलेत. माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. तेव्हा कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर, गावंच्या गावं आत. पुढे ते सव्वाबाराशेच्या आसपास आणलं. कागद कितीही मोठा असो, पक्ष्याला भरवसा चर खणून राखलेल्या या चार तुकड्यांचाच.

१९ जून
चराच्या आत पोटरीइतकं गवत, बाहेर दगड आणि कुसळी. माळढोक काही घरटं बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि जवळजवळ चार आठवडे बसते. अंडं खुराखालीच सापडायला हवं असंही नाही. मेंढरं आली, राखणीची कुत्री आली, मादी उठली की बाकीचं काम कावळा करतो.

३ जुलै
माझी तोड वहीत लिहून तयार होती: पावसाळ्यात कडक चराईबंदी, दिवाळीनंतर माळ मोकळा. गवत फार माजलं तरी माळढोक त्यात फिरकत नाही, तेव्हा थोडी चराई हवीच. एका म्हाताऱ्या मेंढक्याला मोठ्या हौसेनं हे ऐकवलं. तो हसला.

"गुरुजी, दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन खाली जातो. मिरगाला माघारी. पावसाचं चार महिनंच हितं असतो."

म्हणजे पक्ष्याचे अंड्याचे दिवस आणि याचे घरी असण्याचे दिवस एकच! पंधरा वर्षं माळावर येतोय, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. वही मिटली.

वर त्यानं गिरिपुष्पाच्या रांगांकडे बोट केलं. माळ हिरवा करायच्या हौसेनं मागं कुणी ही झाडं लावली. "मेंढरानं खाल्लेलं गवात फिरून येतं. ह्येच्या सावलीत काय येतंय?"

१२ जुलै
मचाणावर साडेपाच तास. काळविटं सतरा, चंडोल पुष्कळ, एक लांडगा. तो मेंढरांवरही जगतो. मेंढरं गेली तर त्याचं काय, हाही प्रश्नच. माळढोक नाही. नराची घुमणारी हाक ऐकून किती वर्षं झाली, मोजावंसं वाटत नाही. देशभरात मिळून दीडशेही उरले नाहीत; विजेच्या तारांना धडकून मरतात ते वेगळेच.

१३ जुलै
मेंढक्याच्या गावचं गायरान पाहून आलो. निम्म्यावर अतिक्रमण, उरलेल्यावर वेडी बाभळ. जनावर जाणार कुठं? चराईबंदी पाळायलाच हवी, यात मला शंका नाही. पण बंदीचा फलक रोवण्याआधी हे गायरान मोकळं करा, बाभळ काढा, पवन्या पेरा. आणि तेही पुढच्या मिरगाच्या आत.