जुन्या सायकलीचे नवे टायर

पोलादी फ्रेमच्या जुन्या माउंटन बाइक बहुतेक वेळा टायरपायी अडगळीत जातात. छर्रे बदलता येतात, तारा आवळता येतात, चाकाचा आउट काढता येतो. रबर मात्र नुसतं पडून राहिलं तरी वाळतं, तडकतं.

सॅन होजेतल्या एका गराज सेलमध्ये मला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची स्टम्पजम्पर मिळाली. १९८१ साली याच नावाने बाजारात आली ती मोठ्या संख्येने बनलेली पहिली माउंटन बाइक. माझ्या सायकलीची फ्रेम ठणठणीत होती, पण टायरच्या भेगांतून आतले धागे दिसत होते. दुकानदार म्हणाला, “यावर खर्च करू नका, नवी घ्या.” त्याच्या सल्ल्याला कारण होतं. गेल्या काही वर्षांत माउंटन बाइकची चाकं २७.५ आणि २९ इंचांची झाली, आणि २६ इंची चाकांचे चांगले टायर दुकानांतून दिसेनासे झाले. जे उरले ते बरेचसे स्वस्त आणि कडक.

शिवाय २६ इंची म्हणून मिळेल तो टायर चालतोच असं नाही. माझ्या सायकलीच्या मागच्या नळ्यांमध्ये जागा बेताची. जास्त रुंद टायर दोन्हीकडे घासतो. रिमही अरुंद. आजच्या रुंद रिमसाठी बेतलेला टायर तिच्यावर बुडाशी आवळला जातो आणि वळणावर डुलतो. आणि या सायकलीला सस्पेन्शन नाही. दगडाचा दणका हातापर्यंत पोचू न देण्याचं काम एकट्या टायरलाच करावं लागतं.

शोधता शोधता रेने हर्स या अमेरिकी कंपनीचे हम्पट्युलिप्स रिज नावाचे टायर सापडले. आकार २६ × २.३, बनावट जपानमधल्या पॅनारेसरची. हातात घेताच त्यांची जात कळली. आतलं कापड बारीक धाग्यांचं आणि मऊ, बाजूच्या भिंती पातळ, रबराचे ठोकळे सुटे सुटे. चाकं बसवली आणि प्रत्येक बाजूला बोट जाईल एवढी फट राहिली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मग मी सायकल घेऊन गेलो मरीन काउंटीतल्या फेअरफॅक्सला. माउंटन बाइकचं हे माहेर. सत्तरच्या दशकात इथली तरुण पोरं १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या श्विन सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी रीपॅक नावाच्या उतारावर पहिली शर्यत लावली. मागे पेडल मारून लावायचा तो ब्रेक उतारावर इतका तापे की हबमधलं ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर नवं भरावं लागे. उताराला नाव पडलं ते यावरून. या मंडळींपैकी जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम बांधली. चाकं मात्र श्विनच्या मापाचीच राहिली. १९३३ साली श्विनने आणलेल्या फुगीर टायरचं माप असं माझ्या सायकलीपर्यंत आलं.

पाइन माउंटनच्या कच्च्या रस्त्याने चढताना फरक जाणवला. हवा ३० पीएसआयच्या आत ठेवली होती. सुट्या खडीवर चाक उडत नव्हतं, दगडाभोवती दबून पुढे सरकत होतं. रीपॅक उतरताना मनगटं शेवटपर्यंत शाबूत राहिली. ही सायकल नवी होती तेव्हासुद्धा इतकी मऊ चालली नसेल, असं मला मनापासून वाटतं. तीच फ्रेम, तेच ब्रेक. बदललं होतं ते फक्त जमिनीला टेकणारं रबर.

म्हणून जुन्या मापाचे टायर काढणाऱ्यांबद्दल मला कृतज्ञता वाटते. केवळ जुन्याच्या हौसेपोटी असे टायर बनत नाहीत. आजचं कापड, आजचं रबर जुन्या मापात बसवायचं, तर त्या सायकलीची मर्यादा ओळखून नवा विचार करावा लागतो. एका टायरच्या जोडीमुळे अख्खी फ्रेम भंगारात जाण्यापासून वाचते, ही साधी गोष्ट नाही.

तुमच्याकडे, पुण्यात असो की सॅन होजेत, अशी सायकल धूळ खात असेल तर आधी तिच्या टायरवरचा आकडा वाचा. ५५९ (मिलिमीटरमध्ये रिमचा व्यास) असेल तर तिचं माप जुन्या माउंटन बाइकचं. २६ × १ ३/८ असेल तर तिचं माप बहुधा ५९०, आणि नाव २६ इंची असलं तरी ५५९ चे टायर तिला बसणार नाहीत. मग नळ्यांमधली जागा मोजा, फ्रेमचे सांधे तपासा. हे सगळं ठीक असेल, तर ती सायकल भंगारवाल्याला देऊ नका. तिला चांगले टायर घाला आणि चालवा.