आजीने दिलेला धम्म

आमची आजी 2003 साली गेली. तेव्हा तिच्या उशाशी दोन वस्तू होत्या. एक, बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आणि दुसरी, माता रमाईचा लहानसा फोटो. आम्ही नातवंडांनी त्या दोन्ही वस्तू जपून ठेवल्या आहेत.

आजीचे माहेर दापोली तालुक्यातले. रमाईचे वणंद गावही त्याच तालुक्यात. त्यामुळे "रमाई आमच्या मुलखाची" असे ती अभिमानाने सांगे. 1942 साली लग्न होऊन ती नायगावच्या बीडीडी चाळीत आली. 160 चौरस फुटांची खोली आणि आठ माणसे. आजोबा गिरणीत रिंग खात्यात होते. कापडखात्यात पगार जास्त मिळे, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून आपल्या माणसांना त्या खात्यात शिरकाव नव्हता. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता.

आजीचे सासरे माळकरी. घरात विठोबाची तसबीर, एकादशीचा उपवास. आजीची भक्तीही तशीच गाढ. तिची पहिली दोन मुले तापाने गेली. दोघांसाठी तिने नवस बोलले होते. 1948 साली माझे वडील झाले, पण त्या दोन लेकरांचे दुःख तिच्या मनातून कधी गेले नाही.

अशा वेळी तिला आधार वाटे तो रमाईच्या आयुष्याचा. परळला पोयबावडीत बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत रमाईने संसार केला. गंगाधर, रमेश, इंदू ही लेकरे गेली आणि जुलै 1926 मध्ये राजरत्नही गेला. पाचांपैकी एकटे यशवंतराव राहिले. रमाईही श्रद्धाळू होती. तिला पंढरपूरला जायची फार इच्छा होती. परंतु जिथे आपल्याला देवळाबाहेर उभे राहावे लागते तिथे कशाला जायचे, आपण आपली वेगळी पंढरी उभी करू, अशी बाबासाहेबांनी तिची समजूत घातली. 27 मे 1935 रोजी दादरच्या राजगृहात रमाईने डोळे मिटले. त्यानंतर पाचच महिन्यांत, 13 ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. पंढरपूरचे देऊळ आपल्याला खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 साली. रमाईला जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती.

आजी म्हणे, "रमाईला पंढरी मिळाली नाही आणि बुद्धही मिळाला नाही. आपल्याला बुद्ध मिळाला. तो सांभाळायला नको?"

6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी आजी माझ्या आठ वर्षांच्या वडिलांचा हात धरून दादर चौपाटीला गेली. त्या वाळूत भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखावर लोकांना धम्मदीक्षा दिली. त्यात आजीही होती. घरी आल्यावर तिने देव्हाऱ्यातले टाक आणि तसबीर फडक्यात बांधली आणि समुद्रात सोडली. सासरे चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच गळ्यातली माळ काढून तिच्या हातात दिली.

बाबासाहेबांनी 1940 साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ रमाईला अर्पण केला, हे तिने एका सभेत ऐकले. "एवढ्या मोठ्या माणसाने बायकोच्या नावे ग्रंथ केला. मग आपल्याला निदान वाचता तरी यायला हवे," असे म्हणून ती पन्नाशीत प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाऊ लागली.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

1994 साली मी परळला राहात होते. माझ्या दोन वर्षांच्या मुलाला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी दर सहा तासांनी औषध द्यायला सांगितले होते. मिस्टर रात्रपाळीला. मी पदवीधर, भीमजयंतीला भाषण करणारी. पण ताप उतरेना तेव्हा माझा धीर सुटला. शेजारणीचे ऐकून मी नवस बोलले आणि ताईत आणून मुलाच्या दंडाला बांधला.

संध्याकाळी आजी आली. मुलाचे अंग पुसताना तिला ताईत दिसला. मी मान खाली घातली. मला वाटले, आता ती रागावणार.

ती रागावली नाही. म्हणाली, "बाय, मी दोन नवस बोलले होते. दोन्ही लेकरं गेली. पोराला डॉक्टरकडे ने, असं सांगणारं तेव्हा मला कोणी नव्हतं." मग तिने विचारले, "औषध कधी दिलंस?"

मी घड्याळाकडे पाहिले. ताईत आणायला गेले होते, त्या गडबडीत दुपारचे औषध राहून गेले होते. मला रडू कोसळले. आजी काही बोलली नाही. उठली, चमचा धुऊन आणला आणि बाटली माझ्या हातात दिली.

ती रात्र तिने बसून काढली. हळू आवाजात त्रिशरण, पंचशील म्हणत होती. न राहवून मी विचारले, "आजी, मग तू तरी बुद्धाजवळ काय मागतेस?"

"मागत नाही गं. रात्री औषध ओतताना हात थरथरू नये, म्हणून म्हणते."

तिने ताईताला हातही लावला नाही. सकाळी मीच तो काढला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. शेजारीण म्हणाली, ताईत पावला. आजी हसून म्हणाली, "मुलगा बरा झाला ना? मग चहा घे."

माझा तो मुलगा आज बाप झाला आहे. दर 27 मे रोजी तो रमाईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतो आणि आपल्या लेकीला सांगतो, "इथे काही मागायचं नाही. फक्त आठवण करायची."

आयाबहिणींनो, घरात कोणी आजारी पडले की नवस सांगणारे भेटतातच. त्यांच्यावर रागावू नका. घाबरलेल्या आईवर तर मुळीच रागावू नका. तिच्या शेजारी बसा आणि औषधाची वेळ झाली का, तेवढे पाहा. आमच्या आजीने मला धम्म शिकवला तो असा.

जयभीम.